थोरलीचा पाडवा

आमच्या घरात 'थोरले' अशी हाक आली की मी कधी ओ दिली नाही. पोरींत थोरली मी, पण ती हाक म्हशीसाठी राखून ठेवलेली. मला 'ए पोरी' पुरायचं. आम्ही गवळी. लग्नपत्रिकेवर यादव छापतो आणि थेट श्रीकृष्णाच्या वंशात जाऊन बसतो. देवानं करंगळीवर पर्वत उचलला म्हणे. आम्ही त्याचे वंशज बीडच्या बाहेरच्या माळावर, दूध संघाच्या छावणीत, उसाच्या वाढ्याची पेंढी उचलायला रांगेत उभे होतो.

त्या साली पावसानं तोंडच दाखवलं नाही. कपिलधारला गेलेली माणसं धबधब्याऐवजी खडक बघून परत यायची. दूध संघात दूध उरलं नव्हतं, चेअरमन मात्र ठणठणीत होते. या गृहस्थांनी जन्मात म्हशीच्या कासेला हात लावला नसेल, पण दुधावर भाषण सुरू केलं की खाली बसायचं नाव नाही. त्यांनीच सरकारकडून जनावरांची छावणी मंजूर करून आणली. तिच्या जिवावर आमची थोरली जगत होती, हे कबूलच करायला पाहिजे. ती गाभण होती. छावणी उन्हाळ्यापर्यंत टिकली तर आमच्या दारात विणार होती, नाहीतर बाजार. दुष्काळात म्हशीला बाजार दाखवायचा म्हणजे काय, ते घरात कुणी बोलून दाखवत नव्हतं.

छावणीत मिळायची ती उसाची वाळकी वाढी. थोरलीच्या बरगड्या लांबून दिसायला लागल्या आणि तेवढ्यात दिवाळी आली.

आता गवळ्याचा पाडवा म्हणजे सगर. म्हशी भादरायच्या, तेल चोळायचं, शिंगं रंगवायची, मोरपिसं खोचायची, गळ्यात कवड्यांच्या माळा घालायच्या आणि हलगीच्या तालावर मिरवायचं. त्या दिवशी माणसाला विचारतो कोण! आई म्हणाली, "यंदा राहू द्या. जनावराच्या अंगात त्राण न्हाई."

बाबा खवळले. "गवळ्याची म्हैस पाडव्याला तशीच हुबी ऱ्हायली तर लोक तोंडात शेण घालतील आपल्या!"

झालं. आमच्या अंघोळीचं पाणी थोरलीला गेलं. आम्हा भावंडांचं अभ्यंगस्नान ओल्या फडक्यावर भागलं. तेलात काजळी कालवून बाबांनी तिला असं चोळलं की उन्हात नजर ठरेना. बरगड्या झाकायला पाठीवर झूल पाहिजे, म्हणून आईचा लग्नातला शालू निघाला. "माझ्या अंगाला त्यो एकदाच लागला," आई पुटपुटली. बाबांना नेमकं तेवढंच ऐकू आलं नाही. बाकीचे गवळी काही आमच्यापेक्षा शहाणे नव्हते. कुणी बायकोची पैठणी काढली, कुणी सुनेचा शेला. माळावर वऱ्हाड उतरल्यासारखं दिसत होतं.

नेमके त्याच दिवशी चेअरमननी बीडहून मोठ्या साहेबांना आणलं. 'पशुपालकांसोबत दिवाळी' असा फलक, फराळाचे पुडे, फोटोवाला, सगळा जामानिमा. साहेब गाडीतून उतरले आणि बघतच राहिले.

"चेअरमनसाहेब, जनावरं तर फारच छान आहेत!"

चेअरमननी माईक सोडलाय कधी? "हे आपल्या छावणीच्या चाऱ्याचं तेज आहे, साहेब," ते गरजले. टाळ्या पडल्या. वाळक्या वाढ्याचं तेज! मला हसू आवरेना, तशी आईनं चिमटा काढला.

मग साहेब बाबांपाशी आले. "काय हो, चारा पुरतो का? काही कमी असेल तर मोकळेपणानं सांगा."

मोकळेपणानंच विचारलं होतं बिचाऱ्यानं. बाबांनी एवढंच म्हणायचं होतं, की साहेब, शालू उचला आणि बघा. पण पाडव्याच्या दिवशी, सगळ्या गवळ्यांसमोर, आपली म्हैस उपाशी आहे असं गवळी म्हणेल? जीभ झडली तरी म्हणायचा नाही. बाबांनी मिशीवरून हात फिरवला.

"काई कमी न्हाई, साहेब. आमची लक्ष्मी हाय ती. लई सुखात हाय."

तेवढ्यात हलगी कडाडली. थोरलीनं मान उडवली, मोरपिसं हलली, चेअरमननी बाबांच्या हातातला कासरा आपल्या हातात घेतला आणि फोटो निघाला.

"जिभेला काही हाड?" घरी आल्यावर आई कडाडली. "खोटं कावून बोललात?"

"खोटं न्हाई," बाबा म्हणाले. "आजच्या दिवस ती सुखातच व्हती."

मग साहेबांच्या कचेरीतून हुकूम आला. जनावरं सुदृढ आढळली, छावणीची गरज नाही. चेअरमनना तोंड उघडता येईना. चाऱ्याचं तेज माईकवरून सांगून बसले होते ना! थोड्याच दिवसांत त्यांना उत्तम छावणीबद्दल शाल-श्रीफळ मिळालं, तेव्हा त्या माळावर छावणीचे नुसते खुंटे उरले होते. बाबांनी चाऱ्यासाठी पार अंबाजोगाईपर्यंतच्या सोयऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या, पण त्यांचेच गोठे रिकामे झालेले. शेवटी व्यापाऱ्याचा टेम्पो दारात आला. थोरली फळीवर चढेना. मग बाबा स्वतः आधी वर चढले आणि त्यांनी हाक मारली, "थोरले!" ती मागोमाग चढली. त्या माणसाच्या हाकेला ती कधी नाही म्हणालीच नव्हती. आईनं शालू धुतला. काजळीचे डाग काही गेले नाहीत.

पुढे बाबा दूध संघात गेले आणि त्यांनी तो फोटो मागितला. संघानं मोठ्या मनानं चौकटीत घालून दिला. घरी आणून बघतो तर चेअरमन अख्खे, साहेब अख्खे. थोरली मात्र चौकटीत मावेना म्हणून कापलेली. कडेला तिचा एक कान, अर्धं शिंग आणि मोरपीस तेवढं राहिलेलं. बाबांनी फोटो देवाशेजारी लावला. येणारे-जाणारे समजायचे, गवळी चेअरमनचा मोठा भक्त दिसतोय. बाबा कुणाला काही सांगायचे नाहीत. दर पाडव्याला मात्र त्या कानाच्या वर, काचेवर, कुंकवाचं बोट टेकवायचे.

संघाच्या निवडणुकीत एकदा चेअरमन मतं मागायला घरी आले. भिंतीवर स्वतःला बघून त्यांना भरून आलं. फोटोसमोर हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "तुम्ही मला देवाशेजारी जागा दिली! गवळ्याचं मन लई मोठं."

बाबा बाजेवरून उठले नाहीत.

"जरा बाजूला सरका, चेअरमन," ते म्हणाले. "ती दिसंना."