हुलग्याच्या नैवेद्याचा देव

वृषभावती नदीकाठच्या सरदारबागेत गोजराबाई झाडू मारायची, आणि झाडू मारता मारता चौकशा करायची. बाईला चौकशीचं भारी वेड! बाग आधी एका मराठा सरदाराची. नवाबी अमलात तिथं तुती लावली, पुढे गोऱ्या साहेबानं बंगला बांधला, मग रेशीमवाल्याचं गोदाम झालं, आणि आता, एकोणीसशे एकोणसाठ साली, सरकारी कारखान्याची प्रयोगशाळा येत होती. मालक आले नि गेले. गोजराबाईचं घराणं मात्र आज्यापासून तबेल्यामागच्या खोलीतच.

एकच कोडं तिला सुटलं नव्हतं. खोलीसमोर गुडघाभर उंचीचा शेंदरी देव होता, बिननावाचा. आजा यल्लाप्पा सांगून गेलेला: दसऱ्याला शेंदराचा लेप द्यायचा, उकडलेल्या हुलग्यांचा नैवेद्य दाखवायचा, आणि देव कुणाला हलवू द्यायचा नाही. "अहो, कुठला देव हुलगे खातो?" ती दिसेल त्या भटजीला विचारायची. भटजी डोकं खाजवायचे.

पुण्याहून आलेले इंजिनिअर पद्माकर नेमके त्याच जागी पंप बसवायला निघाले. गोजराबाई देवासमोर आडवी उभी राहिली.

"अण्णा, स्वल्प, थोडंसं ऐका. आज्याचा शब्द आहे हो माझ्यावर!"

"आजी, माझाही नाइलाज आहे. सोमवारी दगड काढावाच लागेल."

सोमवारी गड्यांनी पहार लावली, तसं पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदराचं जाड कवच गळून पडलं. खाली गुळगुळीत दगड, त्यावर इंग्रजी अक्षरं! पद्माकरांनी वाकून वाचलं नि कपाळाला हात लावला.

"आजी, हा देव नाही. इथं साहेबाचा घोडा पुरलाय, सुलतान नावाचा. नदीच्या पुरातून, त्याची निगा राखणाऱ्या मोतद्दाराला पाठीवर घेऊन बाहेर आला, असं लिहिलंय."

गडी फिदीफिदी हसले. गोजराबाई दगडाजवळ बसून अक्षरांवरून बोट फिरवू लागली. साहेबाचा मोतद्दार म्हणजे तिचा आजाच की! आणि हुलगे म्हणजे सुलतानचा खुराक! साहेब गेल्यावर कुणी त्या दगडावर धुणं आपटू नये, म्हणून लबाड आज्यानं शेंदूर फासला होता. तिला आज्याचं हसू आलं, आणि रडूही आवरेना.

ती उठली, शेंदूर नि तेलाची वाटी घेऊन आली.

"अण्णा, त्या दिवशी आजा बुडाला असता तर माझा बाप कुठला नि मी कुठली?" म्हणाली, आणि अक्षरांवर लेप द्यायला लागली.

पद्माकरांनी नकाशा उघडून दुसरी जागा शोधली. मग गड्यांकडे वळून म्हणाले, "पंप तबेल्यापलीकडे घ्या. देवाला हात लावायचा नाही."