धोंडुबाईच्या मातकट कोंबड्या

धोंडुबाईनं बारा वर्षांपूर्वी कागलच्या बाजारातून तीस पिल्लं आणली, तेव्हा त्यांत सगळे रंग होते. पांढरी, काळी, तांबडी, ठिपक्यांची. तिचं घर जोतिबाच्या डोंगराच्या उतारावर. भोवती तांबूस मुरूम आणि वाळकं गवत. कोंबड्या मोकळ्या सोडायच्या, ही तिची रीत. घारीला ते दोन दिवसांत कळलं. महिन्याभरात पांढरी पिल्लं एकूण एक गेली. धोंडुबाई पत्र्याचा डबा बडवत धावायची आणि आभाळाकडं बघून अशा शिव्या द्यायची, की वाटेनं जाणारी माणसं थबकायची.

उरलेल्या वाढल्या, खुडूक बसल्या, पिल्लं निघाली. त्यांतही एखाददुसरं पांढरं असायचंच. घार नेमकं तेच उचलायची. दरसाल हेच. होता होता सगळा कळप मातकट, ठिपकेदार झाला.

शेजारचा आकाराम म्हणाला, "वैनी, मुरमात लोळून लोळून तुमच्या कोंबड्यांनी मातीचा रंग घेतला बघा."

"तुमी बी जल्मभर मातीतच हाय की! तुमचा रंग कुठं बदलला?" धोंडुबाई म्हणाली. "एक बी कोंबडी बदलली न्हाय. दिसली ती गेली, न्हाय दिसली ती ऱ्हायली. तिचीच पिल्लं ही."

आकारामला पटेना. मग पैज लागली. धोंडुबाईनं त्याला उबवायला बारा अंडी दिली. त्याच्या कोंबड्या वरून जाळी मारलेल्या आवारात असत. खाली मुरूम तोच, वर घार नाही. तिथं पांढरी टिकली तर धोंडुबाई जिंकली, सगळ्या मातकटच झाल्या तर आकाराम. हरेल त्यानं दुसऱ्याचं खुराडं आठ दिवस झाडायचं.

दोन वर्षांत आकारामच्या जाळीत पाच पांढऱ्या कोंबड्या ऐटीत फिरू लागल्या. त्याच बारा अंड्यांच्या वंशातल्या, त्याच मुरमात लोळणाऱ्या. आकाराम मुकाट्यानं केरसुणी घेऊन हजर झाला. धोंडुबाईनं आठही दिवस त्याला चहा पाजला, पण कोपरा राहिला की बोट दाखवायला चुकली नाही.

तिची सून संयोगिता हायस्कूलला विज्ञान शिकवते. हे ऐकून ती हसतच सुटली. "आत्या, ह्याला नैसर्गिक निवड म्हणतात. आमच्या पुस्तकात दोन पानं आहेत त्यावर."

"दोनच?" धोंडुबाईनं विचारलं.

गेल्या डिसेंबरात संयोगिता दहावीचा अख्खा वर्गच घेऊन आली. धोंडुबाई नवं लुगडं नेसून उंबऱ्यावर बसली होती. ती सांगत असतानाच वरून घारीची सावली सरकली. कोंबड्यांनी एकदा आवाज दिला आणि सगळ्या गवतात दबकल्या. मुलांना समोरच्या उतारावर एकही कोंबडी दिसेना. चाळीस पोरं डोळे ताणून बघत राहिली. घार दोन घिरट्या घालून रिकामीच गेली, तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मागच्या रांगेतली राजनंदिनी नावाची मुलगी उठली. "मावशी, मग ज्या घारीची नजर लई तेज, तिचीच पिल्लं जगत असतील न्हवं? म्हंजे घारी बी हुशार हुत चालल्यात?"

एवढ्या वर्षांत धोंडुबाईनं घारीच्या बाजूनं कधी विचारच केला नव्हता. मग मांडीवर थाप मारून ती खदखदून हसली.

"आगं व्हय की!" ती म्हणाली. "ये, हितं म्होरं येऊन बस. आता तू सांग, मी ऐकते."