कप तुम्हाला, बशी मला

सेवा हा शब्द ऐकला की माझं डोकं उठतं. नोकरीत असताना दर वर्षी कुठला तरी साहेब शिबिराला यायचा, हार घालून घ्यायचा आणि आम्हा नर्सबायांकडे बघून म्हणायचा, या भगिनी म्हणजे सेवेच्या मूर्ती आहेत. मूर्ती! मूर्तीला तहान लागत नाही, मूर्तीला कुणी दारात ताटकळत ठेवलं तरी तिला काही वाटत नाही. साहेबाचं बरोबरच होतं म्हणायचं.

मी औरंगाबादला नर्सिंगचा कोर्स करून नुकतीच बाहेर पडले होते. वय बावीस. मोठा दुष्काळ सरून एक पावसाळा बरा गेला होता, आणि मला वडीगोद्रीपासून आत, बैलगाडीच्या वाटेवरच्या एका गावात नेमणूक मिळाली. उपकेंद्र म्हणजे काय, तर पत्र्याची एक खोली. पुढच्या अर्ध्या भागात औषधं, मागच्या अर्ध्या भागात मी. लग्न झालेलं नव्हतं. गावात नातं नाही, गोतं नाही. बौद्ध वस्तीतल्या बाया जीव लावायच्या, पण त्या दिवसभर रानात मजुरीला. संध्याकाळी त्यांच्या चुली पेटल्या की त्यांना श्वास घ्यायलाही फुरसत नसायची.

निघताना आई एवढंच म्हणाली होती, "हात सगळ्याइला लाव. पण कोनाचं उतरलेलं घिऊ नको."

हे तिनं का म्हटलं ते सांगायला हवं. माझी आई आष्टीकडच्या आमच्या गावची सुईण होती. अख्ख्या गावाची बाळंतपणं तिनं केली. बाळंतिणीला बारा दिवस सोयर असते, म्हणजे विटाळ. घरचं कुणी तिला शिवत नाही. ज्या गोधडीवर ती बारा दिवस निजते ती गोधडी, तिचं लुगडं, तिची भांडी, सगळं बाराव्या दिवशी घराबाहेर निघतं आणि सुईणीला जातं. त्याला मान म्हणायचे. लहानपणी मी त्याच गोधड्यांवर निजले. ओव्याच्या धुरीचा, आंबलेल्या दुधाचा आणि रक्ताचा असा एक वास त्यांना असायचा, कितीही धुतल्या तरी जायचा नाही. मी सहा-सात वर्षांची असताना आमच्या घरांनी दीक्षा घेतली. त्यानंतर आईनं बाळंतपणं सोडली नाहीत, पण असल्या गोधड्या घेणं सोडलं. त्या हिवाळ्यात आम्ही भावंडं पोत्यांवर निजलो. थंडी वाजायची, पण वास नव्हता.

तर गावात मी आले तेव्हा माझ्या कामाला कुणाची ना नव्हती. इंजेक्शन घ्यायला, पोराला लस टोचून घ्यायला सगळे यायचे. "सिस्टर, जल्दी चला" म्हणत धावत बोलवायला यायचे. काम झालं की घरमालकीण बाहेरच्या कोनाड्यातून एक कान तुटलेला कप काढायची, पाण्यानं खंगाळायला मलाच सांगायची आणि वरून चहा ओतायची. मी सांगून टाकलं, मी चहा पीत नाही. खोटं बोलले. मला चहा इतका आवडतो की उपाशी ठेवा पण चहा द्या. पण त्या कोनाड्यातला चहा घशाखाली उतरायचा नाही. मला त्या गावात एकच गोष्ट हवी होती. एक घर. जिथं काम नसतानाही कुणी म्हणेल, या, आत बसा. बास, एवढंच.

गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरात धाकटी सून गरोदर होती. तिला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही ती सासरीच राहिली. गावच्या म्हाताऱ्या सुईणीला दिसेनासं झालेलं, म्हणून सासूनं मला बोलावलं. ऐन दुपारी, उन्हाच्या काहिलीत पोरगी बाळंत झाली. मुलगा. सगळं सुरळीत पार पडलं, पण तिला ताप चढला. मग रोज सकाळ-संध्याकाळ मी तिच्याकडे जाऊ लागले.

तिची खोली घराच्या मागच्या अंगाला होती. बाज, शेगडी, कोपऱ्यात पाण्याचा माठ. सासू उंबऱ्याबाहेरून ताट आत सरकवायची आणि पदर आवरून मागं व्हायची. नवरा तर त्या बाजूला फिरकतही नव्हता. एकोणीस वर्षांची पोर, छातीला गाठी आलेल्या, अंगात ताप, आणि जवळ कुणी नाही. पहिल्या दिवशी तिनं माझा हात धरला तो सोडेचना. "ताई, तुमी गेलात की मला भ्या वाटतंय," म्हणाली. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं, केस विंचरले, पोराला छातीला कसं लावायचं ते शिकवलं. तीही खुलली. नवऱ्याची नक्कल करायची, सासूच्या चालण्याची नक्कल करायची. हसून हसून आमची पोटं दुखायची.

दुसऱ्या दिवशी चहा आला. खोलीत तिच्यासाठी काढून ठेवलेली एकच कपबशी होती, निळ्या काठाची. मी सवयीनं म्हटलं, "मी पीत नाही."

"वा! मी एकटी पिऊ व्हय?" म्हणत तिनं अर्धा चहा बशीत ओतला आणि कप माझ्या हातात दिला. "कप तुमाला, बशी मला."

मी प्याले. काय सांगू, डोळ्यांत पाणी आलं. धुरीच्या धुरानं आलं असं मी तिला सांगितलं. मग तो रोजचाच शिरस्ता झाला. कधी कप तिला, कधी मला. ती डिंकाचा लाडू अर्धा तोडून मला भरवायची. सासूला उंबऱ्यातून दिसायचं, पण ती काही बोलायची नाही. मला वाटलं, म्हातारी बदलली. पत्र्याच्या खोलीत येऊन मी लोकर काढली आणि पोरासाठी टोपडं विणायला बसले. विणताना गुणगुणत होते म्हणे, शेजारची म्हणाली. इतकी मी हुरळून गेले होते. घर मिळालं असं वाटलं मला.

सासू का बोलत नव्हती हे सुईणीच्या लेकीला तरी कळायला नको होतं का? त्या खोलीत विटाळ होता. बाळंतीण विटाळात, कपबशी विटाळात, बाज विटाळात. त्यात माझी आणखी काय भर पडणार? ती घरातली होती, पण बारा दिवस माझ्यासारखी होती. मी मात्र समजले की मी तिच्यासारखी झाले.

बाराव्या दिवशी बारसं. मला निरोप आला. ठेवणीतली पांढरी साडी नेसून, टोपडं कागदात गुंडाळून मी गेले. अंगण शेणानं सारवलेलं, घरभर गोमूत्र शिंपडलेलं. ओसरीवर बाया बसलेल्या, मध्ये पाळणा. पोरगी न्हाऊन, नवं लुगडं नेसून पाळण्याशी बसली होती. मी पायरी चढणार तेवढ्यात सासू समोर आली.

"तिथंच थांबा, सिस्टर."

मी थांबले. टोपडं पुढं केलं. "ठिवा तिथं खाली," म्हणाली. मी पायरीवर ठेवलं. तिनं तांब्यातलं पाणी त्यावर शिंपडलं आणि मग उचललं. लोकरीचं टोपडं, भिजलं. मग ती आत गेली आणि एक गाठोडं आणून माझ्या पायाशी ठेवलं.

"ह्यो तुमचा मान. आमच्या घरात रीत मोडत न्हाई."

गाठोडं बांधलेलं असूनही वास आला. ओव्याचा, आंबलेल्या दुधाचा. वरच्या गाठीतून गोधडीचा कोपरा दिसत होता, आणि त्यात खोचलेली निळ्या काठाची कपबशी. मी पोरीकडे बघितलं. मला वाटलं, आता ही उठेल. निदान मान खाली घालेल. तर ती गोड हसून म्हणाली, "घ्या ना, ताई. चांगली गोधडी हाये. वाया कशाला घालवायची?"

अंगाचा नुसता भडका उडाला माझ्या. "काकू," मी म्हटलं, "मी सरकारी नर्स आहे. तुमच्या सुनेला ताप होता म्हणून मी आले, गोधडीसाठी नाही आले. हे मला नको."  एक म्हातारी तोंडाला पदर लावून म्हणाली, "बघ की, कशी तोऱ्यात बोलून राह्यली!" मी वळले. पाठीमागं पाळण्याचं गाणं सुरू झालं.

आईला भेटले तेव्हा सगळं सांगितलं. "बराबर केलंस," ती म्हणाली. मग जरा वेळानं, "आन त्या पोरीला दूध आलं का पुरेसं?" आईचं असं होतं. मला राग आला. आपल्याला इतकं तुडवलं तरी हिला त्यांच्या दुधाची काळजी! पण खरं सांगते, मलाही तीच काळजी होती, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

त्यानंतर दोन-अडीच वर्षं मी त्या घरात कामापुरती गेले. लस टोचायची, गोळ्या द्यायच्या, बाहेरच्या बाहेर परत. पोरगी दारात दिसायची. कधी नजर चुकवायची, कधी सासू मागं नाही असं बघून हसायची. त्या हसण्यावर मी आठवडा काढायचे. मनाला बजावायचे, तिचं काय चालतंय तिथं? सासूपुढं बिचारी काय बोलणार? एकटं माणूस किती लाचार असतं ते मला विचारा.

मग तिला पुन्हा दिवस गेले. एक दिवस सकाळी सासरा स्वतः गाडी जुंपून आला. पोरगी अडली होती. जाऊ नये असं एकदा मनात आलं, नाही कशाला म्हणू? पण पाय आधीच चपलेत गेले होते. तीच मागची खोली, तीच बाज. मला बघितलं आणि ती रडायलाच लागली. "ताई, आलात तुमी! मला वाटलं न्हाई येनार." बाळाच्या गळ्याला नाळेचा वेढा होता. तो सोडवला, पोर निळीकाळी पडली होती, पाठ चोळली, पायाला धरून थोपटलं आणि ती ओरडली. मुलगी. पोरगीनं माझे दोन्ही हात आपल्या गालांना लावले. रक्ताचे हात होते, तिला भान नव्हतं. "तुमी माझ्या सख्ख्या बहिनीपरीस जास्त आहात," ती म्हणाली. माझा सगळा राग तिथंच वितळला. म्हटलं, चला, हिला कळलं. दोन वर्षं लागली, पण कळलं.

हात धुऊन बसले तोवर सासूनं उंबऱ्यातून चहा सरकवला. दोन कपबश्या होत्या. एक घरातलीच, साधी पांढरी. दुसरी नवीकोरी, गुलाबाची फुलं असलेली, चांगली महागाची. पोरगीचा चेहरा फुलला होता. एवढं सोसून बाळंत झालेली, पण हे सांगायला अधीर झाली होती.

"ताई, ही तुमची. ह्याइला सांगून मी जालन्यावरून आनवली. बिलकुल नवी हाये, कोनी तोंड लावलं न्हाई. मागच्या बारीला तुमाला उष्ट्या कपबशीचा राग आल्ता ना? आता ही कायमची तुमची. भायेरच्या कोनाड्यात ठिवनार, दुसरं कोनीच शिवनार न्हाई."

ती किती मनापासून बोलत होती! कुत्सितपणा असता तर मी दोन शब्द ऐकवून मोकळी झाले असते. तिनं माझ्यासाठी दोन वर्षं विचार केला होता, नवऱ्याची मनधरणी केली होती, आणि विचार करून करून तिला एवढंच सापडलं होतं.

मी म्हटलं, "मला ही नको. मागच्यासारखंच पिऊ. कप तुला, बशी मला." आणि तिच्या पांढऱ्या कपबशीकडं हात नेला.

ती हसली. तिला वाटलं मी थट्टा करते आहे. मग माझा हात जवळ आलेला बघून तिचं हसू गेलं, आणि एवढ्या दुखत्या अंगानं ती चटकन पुढं वाकली. आपली कपबशी उचलून तिनं पोटाशी धरली. थोडा चहा तिच्या लुगड्यावर सांडला.

"असं काय करता ताई," ती म्हणाली, "तुमची हाये ना ती."

तिची ती पांढरी कपबशीही बाराव्या दिवशी घराबाहेरच जाणार होती. उंबऱ्यापलीकडं सासू पदर सावरून उभी होती, सुनेचा विटाळ आपल्याला लागू नये म्हणून. आणि बारा दिवस जिला घरातलं कुणी शिवणार नव्हतं, ती पोरगी माझ्यापासून आपला कप वाचवत बसली होती.