रडायचं का भांडायचं?

कागलच्या कचेरीबाहेर अर्ज लिहिणारा रुद्राप्पा गिऱ्हाईक टेकायच्या आधीच विचारायचा, "पावणं, रडायचं का भांडायचं?"

रडक्या अर्जात म्हातारी आई, गुडघाभर चिखल नि साहेबांचं मोठं मन यायचं. भांडायच्या अर्जात गट नंबर, तारखा, पुरावे यायचे आणि समोरचा काय म्हणेल, त्याचंही उत्तर आधीच ठोकून दिलेलं असायचं.

मग एकदा आमटीतल्या मिठावरून भांडून त्याची बायको शांतव्वा माहेरी गेली. रुद्राप्पानं इरेला पेटून तिला चार पानी भांडायचा अर्ज धाडला. चूक तिचीच कशी, हे त्यानं अकरा मुद्द्यांत सिद्ध केलं. पंधरा दिवस उत्तर नाही. शेवटी झक मारत त्यानं रडका लिहिला, एकाच ओळीचा: "तू गेल्यापासनं आमटीला चवच न्हाय."

चिठ्ठी पोचली आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं शांतव्वा दारात हजर. रुद्राप्पा मिशीत हसला. अर्ज फळला की!

तिनं पिशवीतनं ती चार पानं काढली. प्रत्येक मुद्द्याशेजारी लाल शाईनं उत्तर लिहिलेलं होतं.

"तुमचं रडून झालं न्हवं?" ती म्हणाली. "आता बसा. मुद्दा पहिला."