एका गाडीची मालकीण

शिरूरच्या सुगराबीकडे एकच ट्रक होता आणि त्या ट्रकला पुणे जिल्ह्याबाहेर जायची परवानगी नव्हती. रेल्वेचा माल ट्रकांकडे पळू नये म्हणून सरकारने अशा हद्दी आखून दिल्या होत्या. इनामगावची वांगी, मिरच्या, शेवंतीची फुलं भरून गाडी दौंडला पोचायची आणि स्टेशनाबाहेर सगळा माल उतरायचा. सोलापूरची आगगाडी आली की तोच माल पुन्हा चढायचा. तोवर फुलांनी माना टाकलेल्या असत.

नवरा गेल्यापासून सुगराबी दर खेपेला ट्रक चालवणाऱ्या दिराशेजारी केबिनमध्ये बसून दौंडला जायची. हमाल पाट्या आदळायला लागले की खाली उतरून स्वतः हात लावायची.

"भाभी, लोक हसत्यात," दीर इमाम म्हणायचा.

"हसू दे. वांगी फुटत न्हाईत, तेवढं बघ."

एकोणसाठ साली बातमी आली, की ट्रकच्या धंद्याबद्दल सरकारचं धोरण काय असावं हे धंदेवाल्यांनाच विचारायला दिल्लीहून एक समिती पुण्यात येतेय. ट्रकमालक संघाचे अध्यक्ष हौशीरामशेठ गावोगाव सह्या घेत शिरूरला आले. नवऱ्याचं परमिट सुगराबीच्या नावावर करताना कचेरीत तेच सोबत उभे राहिले होते. त्यांनी संघाचा कोरा कागद पुढे केला. "मजकूर टाईप व्हायचाय, वहिनी. जिल्ह्याची हद्द काढून टाका, एवढंच मागायचंय."

अडचणीत धावून आलेल्या माणसाला 'आधी मजकूर दाखवा' असं कसं म्हणायचं? सुगराबीने सही केली.

आठ दिवसांनी निवेदनाची प्रत आली. इमामने ती इनामगावच्या खेपेला मोठ्याने वाचली. हद्द काढावी, हे पहिलं कलम. दुसऱ्यापाशी तो अडखळला. जिल्ह्याबाहेरचं परमिट किमान पाच गाड्या असलेल्या मालकालाच द्यावं. एकेका गाडीच्या मालकांमुळे धंद्यात शिस्त राहत नाही. खाली चाळीस-एक सह्या आणि त्यांत सुगराबीची.

"म्हंजी हद्द निघंल, पन आपली न्हाई," इमाम म्हणाला.

सुगराबीने कागद हातात घेऊन आपली सही पाहिली. वळणदार, नीट काढलेली सही. "समिती कवा बसणार हाय?"

"गुरुवारी. पन भाभी, टायर संघाकडनंच मिळत्यात. शेठशी वाकडं घेतलं तर उद्या गाडी कशावर चालवायची?"

"वाकडं कुठं घेतीय? माझी चूक हाय, ती मी मागं घेतीय."

इनामगावचे शेतकरी दगडोबा पाट्या भरताना हे ऐकत होते. "भाबी, दिल्लीचं सायेब विंग्रजीत बोलत्यात म्हनं."

"बोलू देत, मामा. दौंडच्या हमालांनी माझा आवाज चांगला तयार केलाय."

गुरुवारी पुण्यातल्या त्या सभागृहात हौशीरामशेठ छान बोलले. देशाचा माल, देशाची प्रगती, मोकळे रस्ते. शेवटी म्हणाले, "या निवेदनामागे लहानमोठे सगळे मालक उभे आहेत."

मागच्या रांगेत सुगराबी उठली. "त्यातली एक सही माझी हाय. म्हणणं माझं न्हाई."

"खाली बसा, बाई. हे काय घरचं भांडण आहे?" कुणीतरी म्हणालं.

"घरचं असतं तर घरीच मांडलं असतं."

समितीतल्या एका मराठी सभासदाने हात वर करून कुजबुज थांबवली. "तुमचं म्हणणं काय आहे?"

वाटभर घोकलेलं भाषण तिला आठवेना. तिने सरळ विचारलं, "इनामगावाला चिखलातनं अठरा पाट्या वांग्यांसाठी कोण जातं? पाच गाड्यांचा मालक न्हाई जात. त्याला परवडत न्हाई, त्यात त्याचा दोष न्हाई. मी जाते. मलाच हद्दीवर अडवलं तर तुमचे मोकळे रस्ते त्या गावाला काय कामाचे?"

हौशीरामशेठ हसत वळले. "वहिनी, सही करताना तुमचा हात कुणी धरला होता का?"

"कुणी न्हाई, शेठ. म्हणून तर मागं घ्यायला मीच आले."

समितीच्या चिटणिसांनी सांगितलं, की तोंडी म्हणणं चालणार नाही, पाचच्या आत लेखी द्या. बाहेरच्या व्हरांड्यात बसून तिने सांगितलं आणि इमामने लिहिलं. 'टायर' हा शब्द त्याच्या ओठांवर दोनदा आला. "लिही," एवढंच ती म्हणाली. पाचला दहा कमी असताना कागद आत गेला.

त्या दिवसापासून टायरसाठी तिला एसटीने नगरच्या खेपा घालाव्या लागल्या. संघाच्या बैठकीचं बोलावणं बंद झालं.

वर्षाने समितीचा अहवाल आला. त्यात सुगराबीचं नाव कुठेच नव्हतं. पाच गाड्यांची अटही नव्हती. जिल्ह्याबाहेरच्या परमिटांत एकेका गाडीच्या मालकांचा वाटा राखून ठेवावा, अशी शिफारस मात्र होती. ती ऐकली त्याच आठवड्यात सुगराबी पुण्याच्या कचेरीत अर्ज घेऊन उभी राहिली.

कारकुनाने कागद परत सरकवला. "बाई, ही नुसती शिफारस आहे. सरकारने नियम कुठे केलेत अजून?"

"करतील," सुगराबीने कागद पुन्हा त्याच्यापुढे ठेवला. "तवर ह्याच्यावर आजची तारीख टाका."