काय बी झालं तरी

बारामतीच्या शोरूममध्ये मी कामाला लागले तेव्हा पहिला आठवडा आम्हाला नुसतं बोलायला शिकवलं. त्यासाठी पुण्याहून एक बाई आल्या होत्या. 'हाय' नाही, 'आहे' म्हणायचं. 'न्हाय' तर तोंडातून येताच कामा नये. गिऱ्हाईक कुणीही असो, 'सर' आणि 'मॅडम'. माझ्या तोंडून मध्येच 'या की, बसा की' निघायचं आणि त्या बाई डोळे मिटून घ्यायच्या, दाढ दुखल्यासारख्या. मी बी.कॉम. झालेली. लिहिताना मला सगळं शुद्ध लिहिता यायचं, बोलताना मात्र आमची निमगाव केतकी बाहेर पडायची. आठवड्याभरात तीही पडायची थांबली.

सहा महिन्यांनी नवे मॅनेजर आले. त्यांनी मला बाजूला बोलावलं आणि म्हणाले, "तुमच्या भागातलं गिऱ्हाईक आलं की तुमच्या भाषेत बोला. आपलं माणूस भेटलं असं वाटलं पाहिजे त्यांना." म्हणजे जे घासून काढलं होतं तेच आता परत लावायचं. मी बरं म्हणाले. तोवर मला बरं म्हणायची सवय झाली होती.

त्यांची पद्धत साधी होती. आमच्याकडे एसटीत शेजारी बसलेला माणूससुद्धा पहिल्यांदा गाव विचारतो, तसं दारातून आत येणाऱ्याला गाव विचारायचं. पणदऱ्याकडचा असेल तर एक मुलगा ठरलेला होता, तो पुढं व्हायचा. निमगाव, वरकुटे, इंदापूर असलं काही ऐकू आलं की 'इंदापूर साइड' अशी हाक यायची आणि मी जायचे. मग कुणाच्यातले, माहेर कुठलं, दिलेलं कुठं. आमच्या तालुक्यात दोन माणसं बोलायला लागली की तिसऱ्या वाक्याला सोयरीक निघते. ती निघाली की मॅडमची मामी व्हायची, सरांचे तात्या व्हायचे, आणि मामीला, तात्यांना नाही म्हणणं जड जातं. मग मी प्लॅनचं काढायचे.

प्लॅन म्हणजे असं की, कंपनीची दोन वर्षांची वॉरंटी संपली की पुढची तीन वर्षं आमची, पण पैसे आजच भरायचे. फ्रीज, टीव्ही कोणीही विकतो, असं मॅनेजर म्हणायचे. प्लॅनशिवाय झालेल्या बिलाला ते 'उघडं बिल' म्हणत. सकाळी शटर वर जायच्या आधी आम्ही गोल करून उभे राहायचो आणि काल ज्याची उघडी बिलं झाली असतील त्याने ती का झाली हे सगळ्यांसमोर सांगायचं. पहिल्यांदा सांगताना मी फरशीकडे बघत होते. नंतर नंतर मी ते हजेरी दिल्यासारखं सांगायचे.

गिऱ्हाईक प्लॅनला का-कू करायला लागलं की मी म्हणायचे, "काय बी झालं तरी आमी हाय की." हे मला कुणी शिकवलं नव्हतं, माझंच होतं. आमच्या वस्तीवर कुणाचा मुलगा आजारी पडला, कुणाची गाय अडली की शेजारचे हेच म्हणतात. मॅनेजरांना ते इतकं आवडलं की त्यांनी सकाळच्या गोलात सगळ्यांकडून म्हणून घेतलं. पणदऱ्याचा मुलगाही म्हणाला, पुण्याच्या बाई त्या दिवशी आल्या होत्या त्याही म्हणाल्या. त्यांना ते 'हाय' काही नीट जमलं नाही.

प्लॅनच्या अटी मी एकदाच वाचल्या. एका रिकाम्या दुपारी, काउंटरमागे बसून. बारीक इंग्रजीत पानंच्या पानं होती. वीज कमी-जास्त होऊन जळलं तर नाही. उंदरांनी वायर खाल्ली तर नाही. मुंग्या, झुरळं, पाल शिरली तर नाही. आत पाणी गेलं तर नाही. आमच्या वस्तीवर जे जे म्हणून होतं ते सगळं तिथं ओळीनं लिहून ठेवलं होतं, हे यात येत नाही म्हणून. मी पानं घडी करून खणात ठेवली. तेवढ्यात 'इंदापूर साइड' अशी हाक आली आणि मी उठून गेले.

लोक विचारतात, तुला काही वाटत नव्हतं का? नव्हतं. सुरुवातीला वाटायचं, मग कधीतरी वाटायचं बंद झालं, आणि बंद झालेलंही माझ्या लक्षात आलं नाही. घरी आई म्हणायची, पोरगी गप झाली. मी म्हणायचे, दिवसभर बोलून तोंड दुखतं.

आमच्या वस्तीवर आमच्या शेजारी एक आत्या राहतात. नात्यानं कुणाच्याच आत्या नाहीत, पण सगळी वस्ती त्यांना आत्याच म्हणते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. दोन गाई आहेत, डेअरीला दूध घालतात. हातांना संधिवात. बोटांची पेरं आल्याच्या गाठींसारखी सुजलेली. धार कशीबशी काढतात, पण धुणं पिळायचं म्हटलं की त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. ओल्या चादरीचं एक टोक मी धरायचे, दुसरं त्या धरायच्या, आणि पिळताना त्या तोंड फिरवून घ्यायच्या.

पाडव्याला त्या एकट्या एसटीनं बारामतीला आल्या. दारातच मोठ्यानं म्हणाल्या, "आमची पोरगी हाय न्हवं हितं?" आम्ही दोघींनी मिळून मशीन निवडलं. एका टबातून दुसऱ्या टबात ओले कपडे टाकणं त्यांच्या हातांना झेपणार नव्हतं, म्हणून सगळं आपोआप करणारं, वर बटणं असलेलं घ्यायला मीच सांगितलं. ते मी मनापासून सांगितलं होतं, आणि ते बरोबरही होतं. मग प्लॅनचा कागद काढला.

"हे बी घ्यायचं व्हय गं? तू सांग."

त्या दिवशी सकाळी गोलात माझ्याकडे सांगायला उघडी बिलंच होती. मी म्हणाले, "घ्या आत्या. काय बी झालं तरी आमी हाय की."

त्यांनी कनवटीची पिशवी सोडली. मोबाइल माझ्या हातात दिला. "नंबर यील त्यात, तूच बघ काय ते." मी ओटीपी पाहिला, तूच घाल म्हणाल्या म्हणून घातला, आणि 'अटी मान्य' या चौकोनात खूणही मीच केली.

मशीन चांगलं चाललं. धुऊन मऊ झालेल्या एका जुन्या लुगड्यानं त्या ते झाकून ठेवायच्या. माझ्या सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडून धुण्याचा आवाज यायचा नाही, मशीनची घरघर यायची. आई म्हणायची, म्हातारीचे पांग फेडलेस. कंपनीची दोन वर्षं संपली आणि आमची सुरू झाली. मग दसरा आला.

आमच्याकडे खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पुजतात. कमावून देतं, कामाला येतं, ते ते सगळं. मला त्या दिवशी सुट्टी नव्हती. दसऱ्याच्या तोंडावर शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नसते. आत्यांनी विळा, खुरपं, दुधाची किटली, विहिरीच्या मोटरचा स्टार्टर, सगळं पुजलं. मशीनचं लुगडं काढून त्याला झेंडूची माळ घातली, आंब्याच्या पानानं पाणी शिंपडलं, प्रत्येक बटणाला हळदीकुंकवाचं बोट लावलं. नारळ फोडला आणि त्याचं पाणी हातावर घेऊन वरून सोडलं. दुसऱ्या दिवशी मशीनचे सगळे दिवे एकदम लागले, ते थोडा वेळ केकाटलं आणि गप झालं.

फोनवर त्यांनी मला हे सगळं असंच ओळीनं सांगितलं. ऐकता ऐकता खणातलं ते पान मला डोळ्यांसमोर दिसत होतं. मी तक्रार नोंदवली. सकाळी मेकॅनिक येणार म्हणून संध्याकाळी परत फोन केला.

"आत्या, बटणावरचं हळदीकुंकू नीट पुसून काढा. आन् पूजेचं त्याला काय बोलू नका. आपलं आपण बंद पडलं म्हणा."

त्या म्हणाल्या, "केलेली पूजा न्हाय केली म्हणू?"

"देवाचं न्हाय हो ते, मशीनचं हाय."

"मशीनचीच केली की."

"आत्या, नीट करून मिळायचं न्हाय मग."

"न्हाय मिळू दे. पन पूजा करून न्हाय म्हणायला माझी जीभ वळायची न्हाय बाई."

मेकॅनिकला त्यांनी चहा दिला, प्रसादाचा नारळ दिला आणि कुठं कुठं कुंकू लावलं ते स्वतः बोट ठेवून दाखवलं. तो मला फोन करून म्हणाला, "मॅडम, मी काय करू सांगा. फोटोत सगळं लालभडक दिसतंय." त्याची काही चूक नव्हती.

माझ्या पुढच्या सुट्टीला त्या मोबाइल घेऊन आमच्या ओट्यावर आल्या. मेसेज इंग्रजीत होता. क्लेम नामंजूर, कारण ग्राहकाचा निष्काळजीपणा. वर्षानुवर्षं दोन्ही वेळा ठरल्या वेळी धार काढणारी बाई. मला राग यायला हवा होता. मी वाट पाहिली, तो आला नाही. नुसतं कान बंद झाल्यासारखं वाटलं. निष्काळजीपणाचं मी त्यांना सांगितलंच नाही. म्हणाले, "आत पाणी गेलं म्हणून न्हाय म्हणत्यात."

"पन तू म्हणली हुतीस न्हवं, काय बी झालं तरी?"

त्या भांडायला आल्या नव्हत्या. खरोखरच विचारत होत्या, कदाचित आपलंच काही ऐकायचं चुकलं असेल म्हणून. मी म्हणाले, बघते. आणि काही बघितलं नाही.

दिवाळीच्या आधी आमचे करार संपायचे. आम्ही सगळे एजन्सीकडून, अकरा-अकरा महिन्यांचे. कुणाला परत घ्यायचं ते प्लॅन किती गेले त्यावर ठरणार, हे मॅनेजरांनी गोलात सरळ सांगितलं होतं, आणि माझ्याकडे बघून म्हणाले होते की काही जण काठावर आहेत. आमच्या घरात महिन्याच्या महिन्याला येणारा पगार माझाच. ऊस कारखान्याला जातो तेव्हा जातो.

त्याच आठवड्यात वरकुट्याचं एक जोडपं फ्रीज घ्यायला आलं. नवं घर बांधलेलं, बाई हौशी, नवरा चिकित्सक. फ्रीज ठरला. प्लॅनला नवरा म्हणाला, "हे समदं तोंडाला पानं पुसायचं काम हाय." मी माझं बोलणं सुरू केलं. मॅनेजर येऊन माझ्या मागे उभे राहिले. ते मला दिसत नव्हते, पण मागे आहेत हे कळत होतं.

तेवढ्यात दारातून आत्या आत आल्या. हातांसाठी बारामतीच्या दवाखान्यात आल्या होत्या, काखेत फाइल होती. मला कामात बघून त्या बाजूच्या स्टुलावर बसून राहिल्या. वरकुट्याच्या बाईनं त्यांना गाव विचारलं. निमगाव म्हटल्यावर सोयरीक निघाली, आत्यांची नणंद तिकडंच दिलेली.

"तुमी घेतलंय का काय हिच्याकडनं?"

"मशीन घेतलंय."

"आन् ह्यो प्लॅन?"

"घेतलाय की."

नवरा पुढं झाला. "मग खरं सांगा आत्या. नड आली तर करून देत्यात का? का नुसतं म्हणायचं?"

माझ्या हातात पेन होतं. मी आत्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही. त्या खरं बोलणार हे मला माहीत होतं, त्यांना दुसरं येतच नाही. माझं काम जाणार, आईला काय सांगायचं, एवढं शांतपणे मनात आलं. मी मान वर केली तेव्हा त्यांची नजर माझ्यावर नव्हती, माझ्या मागे होती.

"देत्यात की," आत्या म्हणाल्या. "माझं मशीन बंद पडलं हुतं. मानूस घरी आला, नीट करून गेला. पोरगी आमच्या गावची हाय, फसवायची न्हाय."

जोडप्यानं प्लॅन घेतला. मी फॉर्म भरला, नवऱ्याच्या मोबाइलवर आलेला नंबर घातला, चौकोनात खूण केली. मॅनेजरांनी आत्यांसाठी चहा मागवला, असं गिऱ्हाईक पाहिजे म्हणाले. त्या महिन्याच्या शेवटी माझं नाव यादीत राहिलं.

जोडपं गेल्यावर मी आत्यांना मागच्या खोलीत नेलं, आम्ही डबा खातो तिथं. विचारलं, दवाखान्यातून इकडं कशाला आला होता? मशीनचं नाही तर निदान प्लॅनचे पैसे तरी माघारी मिळतील का, एवढंच विचारायला आल्या होत्या. "आता काय त्याचं," म्हणाल्या.

"आत्या, तसं का सांगितलं तुमी?"

"त्यो मागं हुबा हुता न्हवं तुझ्या, हाताची घडी घालून." त्या आपली बोटं एकेक करून चेपत होत्या. "खोटं बोलले त्याचं माझं मी बघीन देवापाशी. तू आधी जेव. तोंड बघ केवढंसं झालंय."

त्यांनीच डबा माझ्याकडे सरकवला. झाकण घट्ट होतं, त्यांच्यानं उघडेना, म्हणून मी उघडलं. मला भूक लागली होती. मी जेवले.