बारा लिटर पाणी

माझ्या थोरल्या जाऊबाईंना सगळा गाव ‘डिग्री’ म्हणायचा. तोंडावर नाही, पाठीमागे. दूध संकलन केंद्रावर त्या एकवीस वर्षं बसल्या. रांगेत कुणीतरी कुजबुजायचं, “आज डिग्रीचा मूड बरा दिसतोय,” आणि नेमकं त्याच्याच पुढच्या माणसाचं दूध परत जायचं.

केंद्र म्हणजे काय, पत्र्याच्या दाराची दहा बाय बाराची खोली. सिमेंटचा ओटा, वजनकाटा, फॅट मोजायचं यंत्र, भिंतीला ओळीने चाळीस लिटरचे कॅन. फरशी कायम ओली. आंबूस वास अंगात असा मुरलेला, की जाऊबाई लग्नाला नटून आल्या तरी केंद्रावरूनच आल्यासारख्या वाटायच्या. किटली पुढे आली की त्या आधी तळापासून ढवळणार, मग उंच नळीत दूध ओतून त्यात दाटपणा मोजणारा लॅक्टोमीटर सोडणार आणि गुडघे वाकवून डोळा बरोबर रेषेसमोर आणणार. उभ्याने वाचलेली डिग्री त्यांना चालायची नाही. सव्वीसच्या खाली आली की किटलीला झाकण. “पाणी आहे,” एवढंच म्हणायच्या. एकदा माझ्या नवऱ्याने किटली विसळली आणि पाणी नीट निथळलंच नाही. सख्खा दीर, पण त्याचंही दूध सगळ्यांदेखत परत. आठवडाभर तो फुगून बसला होता. मला मात्र मनातून बरं वाटलं, कारण त्याला कुणीतरी सुनवायलाच हवं होतं.

अशा बाईने दुधात पाणी घातलं. कसं घातलं ते मी सांगते, कारण बादली मी उचलली होती.

याची सुरुवात आमच्या गावात झालीच नाही. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा देशात दूध उतू चाललं होतं. त्यांनी त्याची पावडर केली, त्यांच्या सरकारने पदरचे पैसे घातले आणि जहाजं भरभरून ती स्वस्तात बाहेर काढली. आमच्या सरकारने तिच्यावरची जकात उठवली. शहरातल्या गरिबाला दूध परवडलं पाहिजे, असं मंत्री रेडिओवर म्हणाले. परवडू दे की, आमची कुठे ना आहे? पण डेअरी ती पावडर पाण्यात कालवून पिशव्या भरायला लागली आणि आमचं दूध तिच्या डोळ्यात खुपायला लागलं. दर उतरला, मग आणखी उतरला. पेंडीचा भाव होता तिथेच राहिला. गाय दारात उभी ठेवणं म्हणजे रोज तिला घरच्यांच्या ताटातलं काढून घालणं झालं. लोकांनी गाई विकायला काढल्या.

अकराशे लिटरचं केंद्र वर्षभरात साडेपाचशेवर आलं. मग एक दिवस टँकरचा ड्रायव्हर खाली मान घालून म्हणाला, “वहिनी, वरून हुकूम आहे. पाचशेच्या आत दूध असेल तर गाडी हमरस्त्यावरून आत वळवायची नाही.”

जाऊबाईंनी उंबरे झिजवले. एरवी जी बाई कुणाशी धड चार शब्द बोलायची नाही, ती लोकांच्या गोठ्यात उभी राहून हात जोडत होती, एवढे चार महिने थांबा, दर वाढेल. छत्तीस घरं अजून दूध घालत होती. त्यातल्या कितीतरी घरांत दुसरं कमावतं काही नव्हतं. टँकर थांबला तर त्यांनी दुधाने अंघोळी करायच्या होत्या का?

एका सकाळी शेवटची किटली रिकामी झाली आणि बेरीज चारशे अठ्ठ्याऐंशी आली. टँकर यायला अर्धा तास होता. जाऊबाई पळत घरी आल्या.

“आपलं प्यायचं पाणी उकळलेलं आहे ना?”

“आहे.”

“बादलीत घे. गाळून घे.”

“कशाला?”

“बारा लिटर हवंय.”

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. “जाऊबाई, शुद्धीवर आहात का?”

“आहे कशीबशी. चल लवकर.”

त्यांनी ते पाणी मापाने मोजलं, बारा म्हणजे बारा, आणि सगळ्या कॅनमध्ये सारखं वाटलं. म्हणाल्या, पाऊण डिग्री उतरेल, कुणाला कळणार नाही. मग रिकामं माप पुन्हा पुन्हा विसळत राहिल्या. मला भडभडून आलं. त्यांना धीर द्यावा म्हणून मी बोलून गेले, “डेअरी पावडरीत पाणी घालते ते दूध, आणि आपण घातलं की भेसळ? हा कुठला न्याय?”

“गप्प बस,” त्या म्हणाल्या. “त्यांचं त्यांच्यापाशी. हे मी केलंय.”

दुसऱ्या दिवशी अठरा लिटर लागलं. लोक काही थांबले नव्हते. आज एका गोठ्यातली गाय जायची, उद्या दुसऱ्या गोठ्यातली. मग तीस, मग चाळीस. मी रोज पाणी उकळायची, रोज गाळायची. आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचंही टाळत होतो. दर वाढेल, आता वाढेल, असं जाऊबाई स्वतःशीच म्हणायच्या. ज्या दिवशी आम्ही सत्तर लिटर ओतलं त्या दिवशी डेअरीच्या प्लांटवर डिग्री पंचविसावर आली. दोन माणसं येऊन दारावर कागद चिकटवून गेली. भेसळ आढळल्याने केंद्र बंद.

पावडरीचं नाव कुणी घेतलं नाही. दर कुणी पाडला, तेही कुणाला आठवेना. केंद्र बुडवलं ते डिग्रीने. इतकी वर्षं आमचं दूध परत करायची आणि स्वतःच चोर निघाली, असं लोक तोंडावर बोलले. ज्यांचा टँकर दोन महिने जास्त चालावा म्हणून त्यांनी हे केलं, ते सगळ्यांत पुढे होते. मी एकेकाशी भांडले. माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे माझं कुणी मनावर घेतलं नाही. जाऊबाई मात्र घराबाहेर पडेनाशा झाल्या. महिन्याभरात टेम्पो दारोदार फिरून उरलेल्या गाई घेऊन गेला.

दीड वर्षाने त्या पलीकडच्या देशात दुष्काळ पडला. चारा जळाला. त्यांनी पहिल्या झटक्यात पावडर बाहेर पाठवणं बंद केलं. आधी आमची लेकरं, म्हणाले. त्यांचं काही चुकलं नाही. पण आमच्या शहरात पहाटेपासून दुधासाठी रांगा लागल्या आणि एक दिवस डेअरीचा अधिकारी जीप घेऊन आमच्या दारात आला.

“मागचं सोडा बाई,” तो म्हणाला. “केंद्र उद्यापासून सुरू करा. दर दीडपट. दोनशे लिटर असलं तरी गाडी पाठवतो.”

जाऊबाई ताडकन उठल्या. दीड वर्षात पहिल्यांदा त्या घरोघर गेल्या, ज्यांनी तोंडावर दार लावलं होतं त्यांच्याकडेही गेल्या. अधिकारी ओसरीवर वाट बघत बसला होता. दुपारी त्या परत आल्या तेव्हा चेहरा पांढराफटक होता.

“एकोणचाळीस लिटर.”

“सकाळचं?” अधिकाऱ्याने विचारलं.

“दोन्ही वेळचं मिळून. साहेब, आज कालवड जन्मली तरी दूध द्यायला तीन वर्षं लागतात. दराची हमी द्या, लोक पुन्हा गाई घेतील.”

“तीन वर्षं कोण थांबणार?” तो म्हणाला. काही वाईट हेतूने नाही, सरळच म्हणाला. “तोपर्यंत पावडर परत सुरू होईल.”

जीपपाशी जाऊन तो पुन्हा वळला आणि हळू आवाजात विचारलं, “घरचं लिटरभर मिळेल का? मुलगी दहा महिन्यांची आहे.” आमच्याकडे एकच गाय राहिली होती आणि ती आटली होती. “आटलीय साहेब,” जाऊबाई म्हणाल्या. त्याने मान हलवली आणि तो गेला.

आम्ही दोघी पायरीवर बसलो.

“शहरातली लेकरं आता काय पीत असतील गं?” त्यांनी विचारलं.

माझ्या तोंडाला कधी लगाम नव्हताच. मी म्हटलं, “पाणी पीत असतील, दुसरं काय?”

बोलले आणि माझीच जीभ मला डसली. जाऊबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. केंद्र बंद झालं तेव्हा त्या रडल्या नव्हत्या, लोक चोर म्हणाले तेव्हाही नाही. आता रडल्या.